दोरीचं दुसरं टोक

माळा आवरताना बाबांची कंपनीतली जाडजूड दोरी हाती लागली आणि तिच्या खारट, कुबट वासासरशी मी थेट अलिबागच्या किनाऱ्यावर पोचले. मी दहा वर्षांची, धाकटी मिनू सहाची. बाबा अंबरनाथ एमआयडीसीत केमिकलच्या टाक्या साफ करायचे. त्यांनी ही दोरी स्वतःच्या आणि मिनूच्या कमरेला बांधली, टोक माझ्या हातात दिलं. "काही झालं तरी सोडायची नाही हं," म्हणाले आणि तिला घेऊन लाटांत शिरले.

ती त्यांच्या गळ्यात पडून खिदळत होती. माझे तळवे काचत होते. लाडकी पाण्यात आणि मी इथे खुंटीसारखी! मी मुद्दाम मूठ उघडली. टोक सरसर पाण्याकडे निघालं. बाबांनी एकदाही मागे वळून पाहिलं नाही. शेवटी मीच घाबरून धावले आणि ते पकडलं.

बाबा गेले तेव्हा त्यांच्या शिफ्टमधले कदमकाका भेटायला आले. "टाकीत उतरताना त्याच्या कमरेची दोरी वर धरायला त्याला मीच लागायचो," ते म्हणाले. "दुसऱ्या कुणाच्या हातात द्यायचाच नाही."

तेव्हापासून मला मिनूचा नाही, काकांचा हेवा वाटतो. त्यांनी दोरी कधीच सोडली नव्हती.