घासलेली तवली

मला स्वस्थ बसता येत नाही. ऑफिसात ते खपतं, घरी सगळ्यांना त्याचा त्रास होतो. गेल्या वर्षी आईला मलेरिया झाला म्हणून मुंबईहून आठ दिवसांची रजा काढून रत्नागिरीला गेलो, तर ती इस्पितळातून नुकतीच घरी आलेली. ताप उतरला होता, पण अन्नावरची वासना पार उडाली होती. डॉक्टरांनी बजावून ठेवलं होतं, दोन दिवसांत नीट जेवल्या नाहीत तर परत आणा, सलाईन लावावं लागेल. आईला पुन्हा त्या खाटेवर जायचं नव्हतं, आणि तिला तिथे न्यायची माझ्यात हिंमत नव्हती.

पहिल्या दिवशी पेज केली. दोन चमचे घेऊन तिनं वाटी सरकवली. मग मऊभात केला, वर तूप-मेतकूट घातलं. "ठेव, मागाहून खाते," म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून निजली. भात तसाच निवला.

मला काही सुचेना, तेव्हा स्वयंपाकघर घासायला काढलं. डबे झाले, फळ्या झाल्या, ओट्याखालचा कोपरासुद्धा झाला. फळीवर मासळीच्या कालवणाची मातीची तवली होती. बाहेरून काळीकुट्ट, आतून तेलकट. मला तिची किळसच आली. भांड्यांचा साबण ओतून तासभर भिजत ठेवली, तारेनं खरवडली, पुन्हा साबण लावला. उन्हात वाळून ती लाल दिसायला लागली तेव्हा, खोटं कशाला सांगू, आठवड्यात पहिल्यांदा मला बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई आपणहून म्हणाली, "बांगड्याचं कालवण खावंसं वाटतंय रे. तवलीतलं."

मी जवळजवळ धावतच जेटीवर गेलो आणि चार बांगडे घेऊन आलो. नारळ खवला, सुक्या मिरच्या, धणे आणि हळद घालून वाटण केलं, तिरफळं ठेचली, आंबटाला कोकमाची सोलं टाकली. आई आतून पडल्या पडल्या सांगत होती, "पाणी बेतानं घाल. मासा घातलास की डाव नको फिरवू, नुसती तवली हलव." उकळी आली तसा वर पांढरा फेस धरला. मला वाटलं, नारळ ताजा आहे. चाखून काही पाहिलं नाही. आमच्याकडे रांधताना कुणी चाखत नाही, मीठ अंदाजानंच पडतं.

आईला भिंतीला टेकवून बसवलं, ताट दिलं आणि समोर जमिनीवर बसलो. पहिला घास घेऊन ती थांबली. माझा जीव टांगणीला लागला. मग तिनं दुसरा घास घेतला, तिसरा घेतला. मधे मधे विचारत होती, पोरांची शाळा कशी चाललीय, सुनेची पाठ अजून दुखते का, तू डबा नेतोस की बाहेरचं खातोस. मी सांगत होतो. पाऊण तास तरी गेला असेल. भात संपला, बांगड्याचा काटाही तिनं स्वच्छ करून ठेवला. मी लगेच डॉक्टरांना फोन करून सांगितलं की आई जेवली.

मग स्वतःचं ताट वाढून घेतलं. पहिला घास तोंडात घातला आणि तसाच मोरीत जाऊन थुंकलो. निव्वळ साबण. मातीनं तो पिऊन ठेवला होता आणि उकळताना सगळा परत सोडला होता. आजारी माणसाच्या पोटात आपण काय घातलं या विचारानं घाबरलो, आणि घाबरलो की मी चिडतो. चिडलो तेही तिच्यावरच.

"हे खाल्लंस कसं तू? तोंडाला चव नाही म्हणून कळलं नाही का?"

"कळलं की. पहिल्याच घासाला कळलं. तवलीला साबण लावायचा नसतो, मेल्या. नुसत्या राखेनं धुवायची असते ती."

"मग बोलली का नाहीस? ओतून दिलं असतं, दुसरं केलं असतं."

"म्हणून तर नाय बोलली," आई म्हणाली. "आल्यापासून बघतेय, पाय एका जागी ठरत नाय तुझा. बोलली असती तर परत उठला असतास."