आत्याला खांदा

दौंडला आमच्या चर्चच्या मागं पत्र्याची एक खोली आहे. तिला सगळे ‘मंडळ’ म्हणतात. रेल्वेच्या इंजिन शेडमधल्या, कोळसा टाकणाऱ्या फायरमननी आणि मिशनच्या शाळेतल्या मास्तरांनी इंग्रजांच्या काळात हे मंडळ काढलं. माझे पणजोबा त्यांतलेच एक. गोऱ्या साहेबांची अशी एक संस्था होती, पण तिच्यात देशी माणसाला घेत नसत. मग यांनी आपली वेगळी काढली. कुणी आजारी पडलं की घरी शिधा पोचवायचा, आणि कुणी गेलं की पेटीपासून मातीपर्यंत सगळं मंडळानं बघायचं. सभासदाच्या खांद्यावर निळा पट्टा असे. पट्टा असेल त्यानंच पेटी उचलायची, हा नेम.

सभासद फक्त पुरुष. बायका पट्टे शिवायच्या आणि मातीनंतर घरी पिठलं-भाकरी करायच्या. त्यात माझी आत्या पुढं. ती शिरूरच्या शाळेत शिक्षिका होती, लग्न केलं नाही, रिटायर झाल्यावर आमच्याकडं राहायला आली. कुणाच्याही घरी मयत झाली की आत्या चुलीपाशी हजर. रडणाऱ्यांना म्हणायची, “आधी चार घास खा. रडायला पण बळ लागतं.”

ती गेली ती बुधवारी. दफनभूमीच्या रस्त्यावर पाइपलाइनसाठी खोदलेलं, गाडी कोपऱ्यावरच थांबली. तिथून पेटी हातानं न्यायची होती. तरुण पोरं रांजणगावला आणि कुरकुंभला कंपनीत, पहिल्या पाळीला. पट्टेवाले आले ते चौघं, सगळे सत्तरीपुढचे. मंडळाचे अध्यक्ष आप्पा, त्यांचा गुडघा नुकताच बदललेला. त्यांनी पेटीला हात घातला आणि तसाच काढून घेतला.

“पोरं येईस्तवर थांबू,” ते म्हणाले.

ऊन चढत होतं. चर्चचे पाळकसाहेब घड्याळाकडं बघत होते. मी पदर खोचला. “आप्पा, मी धरते.”

“न्हाई बाई. नेम हाय आपला.”

“मी नर्स आहे, आप्पा. तुमचं ऑपरेशन झालं तवा तुम्हाला पलंगावरनं कुणी उचललं?”

मागून माझी जाऊ पुढं आली, मग शेजारच्या दोघी. कुणी कुणाला बोलावलं नव्हतं. आम्ही कड्या धरल्या. पेटी मला वाटली त्यापेक्षा जड होती, आणि आत्या तर वाळून काडी झालेली.

आप्पा पेटीपाशी आले. मग म्हणाले, “तशी न्हाई. उंच बाया मागं व्हा. आन् सगळ्यांनी उजवा पाय आधी टाका.” पुढचा सगळा रस्ता ते काठी टेकत आमच्या बाजूनं चालले, कुठं खड्डा हाय ते सांगत. चरावर फळी टाकलेली होती, ती पायाखाली हलली. “सावकाश,” ते म्हणाले, “बाईंना कुठली घाई हाय?” त्यावर मला हसू आलं आणि हसताहसताच मी त्या दिवशी पहिल्यांदा रडले.

वार्षिक सभेत बायकांनाही पट्टा द्यायचा ठराव आप्पांनी स्वतःच मांडला. एका म्हाताऱ्या सभासदानं पट्टा टेबलावर ठेवला आणि ते निघून गेले. पुढं रस्त्यात भेटले की सलाम घ्यायचे, पण मंडळात परत आले नाहीत. मला त्याचं वाईट वाटतं. ते आत्याचे विद्यार्थी होते.

आता मंडळात आम्ही बायकाच जास्त. मयतीच्या घरी पिठलं पुरुष करतात. गुठळ्या राहतात, पण लोक खातात.