घाटाच्या पुस्तकाची माझी वही

तुंगार्लीच्या बंगल्यात पावसाळ्यात मला एकच काम होतं, पुस्तकं सुकवायची. शेगडीत निखारे करायचे, वर वेताची पाटी पालथी घालायची आणि तिच्यावर पुस्तक उघडून ठेवायचं, बाळंतिणीच्या खोलीत लंगोट वाळवतात तसं. पान गरम झालं की उलटायचं, नाहीतर करपतं. आमच्याकडे चार महिने भिंतींनाही पाणी सुटतं, तिथे कागदाची काय कथा.

बंगल्याचे थोरले साहेब वारले होते. त्यांना जुन्या पुस्तकांचा नाद होता. कुठल्या गावाला काय कर होता, कुठे कोणतं नाणं चालायचं, असल्या गोष्टींची, कोणी विचारीत नाही अशी पुस्तकं त्यांनी कपाटं भरून जमवली होती. बाईसाहेबांना ती वाचायची नव्हती, पण त्यांची आठवण म्हणून कुजूही द्यायची नव्हती. मला कामावर ठेवताना त्यांनी विचारलं, "वाचता येतं का तुला?"

मी तोंड उघडायच्या आत आमचे कारभारी, म्हणजे माझा नवरा, म्हणाले, "न्हाई जी, तिला कुटलं येतंय."

ते त्याच बंगल्यावर माळी होते. वाचणारी बाई कागदांजवळ कोण ठेवील, अशी त्यांना भीती. मी चारचौघांत तशीही बोलत नसे. 

पण मला वाचता येत होतं. माझे वडील माहेरच्या गावी शाळेत शिपाई होते, म्हणून मुलांच्या मागे कोपऱ्यात बसून मी चौथीपर्यंत शिकले. बाळबोध आणि मोडी, दोन्ही.

बहुतेक पुस्तकं इंग्रजी. ती मी नुसती उलटायची. श्रावणात खालच्या फळीवरून एक पुठ्ठा नसलेलं पुस्तक निघालं. जुन्या दगडी छापाचं, सगळं मोडीत. सुरुवातीची पानं गेलेली, त्यामुळे लिहिणाऱ्याचं नावही गेलेलं. लग्नानंतर मोडी माझ्या डोळ्यांसमोर आली नव्हती. पहिल्या दिवशी जेमतेम अर्धं पान लागलं. पुढे डोळे सरावले.

ते बोरघाटाचं पुस्तक होतं, आगगाडी यायच्या आधीच्या घाटाचं. खालून मीठ कसं यायचं, वरून तांदूळ कसा उतरायचा, नाक्यावर कोणत्या मालाला काय जकात, कोणता रुपया दिला तर सराफ किती बट्टा कापायचा. एका पानावर डोईवरच्या ओझ्याची जकात होती, बैलाच्या ओझ्याहून वेगळी. खाली लिहिलं होतं की मावळातल्या बायका खालून डोईवर मीठ आणतात. पुढे गावांची नावं. त्यात माझ्या माहेरचं होतं.

माझी आई सांगायची की तिची आजेसासू मिठाची पाटी घेऊन घाट चढायची. चुलते हसायचे. "बाईमाणूस घाटात येपार करतंय, आन आमचं म्हातारं काय घरी भाकरी थापीत हुतं व्हय?" आईला कोणी खरं मानलं नाही. ती तशीच गेली.

मी अंडी विकून आलेल्या पैशांतून वही आणली आणि रोज वाचलेलं घरी बाळबोधीत लिहू लागले. थोड्याच दिवसांत कारभाऱ्यांनी पाहिलं.

"काय लिवती गं?"

"बंगल्यातलं पुस्तक."

"मामलेदारीन व्हायचं हाय का?"

"व्हय. तुमालाच आधी चावडीवर बोलवीन."

"हसू नगं. कळलं तर दोघांचं काम जाईल."

"मग तुमी सांगू नका."

वही तांदळाच्या कणगीत राहिली. दसऱ्यापर्यंत शेवटचं पान उतरवून झालं.

दिवाळीला बाईसाहेबांचे चिरंजीव मुंबईहून आले. त्यांना कपाटं रिकामी करायची होती. इंग्रजी पुस्तकं विकायची, बाकीची अंघोळीच्या बंबाखाली. घाटाचं पुस्तक त्यांनी दोन बोटांनी उचललं. "कुणा वाण्याचे हिशेब दिसतात. बंबात टाक."

"हिशेब न्हाईत ते," मी म्हणाले. त्या घरात मी आपण होऊन बोललेली ती पहिलीच गोष्ट.

"तुला काय कळतं त्यातलं?"

"वाचलंय."

बाईसाहेबांनी कारभाऱ्यांकडे पाहिलं. "हिला येत नाही म्हणाला होतास ना?" 

"वाच मग," म्हणत धाकट्या साहेबांनी पुस्तक पुढे केलं. उलटं धरलं होतं. मी ते सुलट केलं आणि डोईच्या ओझ्याचं पान वाचलं. कुठेही अडखळले नाही.

साहेबांचा नूर पालटला. म्हणाले, "पुण्यात माझा एक मित्र आहे, त्याला हे असलंच हवं असतं. पण मोडी वाचणार कोण?"

राग टळला म्हणून कारभाऱ्यांना इतकं हायसं वाटलं की ते बोलून गेले, "तिनं समदं उतरून ठिवलंय की, बाळबोधीत."

"वा. मग ती वही घेऊन ये."

"पुस्तक तुमचं हाय, न्या," मी म्हणाले. "वही न्हाई देणार."

"आमच्याच पुस्तकातून काढलंस ना?"

"व्हय. पर वही माझ्या पैशाची, आन अक्षर माझं."

"उद्यापासून कामाला येऊ नकोस."

"बरं."

 कारभाऱ्यांचं काम टिकलं, गुलाबांना माळी लागतोच. मी गवत कापून भारा लोणावळ्याच्या बाजारात नेऊ लागले. तिथे बाजाराचा ठेकेदार डोईवरच्या ओझ्यामागे पट्टी घेतो. गवताला काय, लाकडाला काय, कोंबड्यांच्या खुराड्याला काय, हे मी वहीच्या मागच्या कोऱ्या पानांवर लिहून ठेवते. ते दुसरं कोणी लिहीत नाही.

परवा कारभारी बंगल्यावरून निरोप घेऊन आले. पुण्याच्या मित्राने पुस्तक पावसाळाभर कपाटात ठेवलं होतं. सुकवायला कोणी नव्हतं, सगळी पानं चिकटून एक वीट झाली आहे. साहेब आता वहीचे पैसे द्यायला तयार आहेत.

"काय सांगू?" कारभाऱ्यांनी विचारलं. या वेळी त्यांनी परस्पर उत्तर दिलं नव्हतं.

मी म्हटलं, "सांगा, हितं या. घोंगडी टाकते, बसा. मी वाचीन, तुमी लिवून घ्या. वही कणगीतनं लांब जायची न्हाई."

त्यांनी तसंच सांगितलं म्हणे, शब्दसुद्धा बदलला नाही. साहेब अजून आलेले नाहीत. घोंगडी मी झटकून ठेवली आहे.