आमचा हलका सर्व्हर

सिंदी मेघेला माझं मोटर वाइंडिंगचं दुकान आहे. दिवसभर तांब्याच्या तारेचे तुकडे खाली पडतात आणि संध्याकाळी झाडून काढले की जमीन स्वच्छ होते. किश्शांचं तसं होत नाही. ते कधी पडतात ते कळत नाही, आणि गोळा करायला बसलं की हसू येतं, झाडू हातातच राहतो. दुकानाचा अर्धा भाग मी सूनबाईला दिला तेव्हापासून तर ढीगच झाला आहे.

सूनबाई म्हणजे वैशाली. शिकलेली इंजिनिअर. तिच्याबरोबर तिच्या कॉलेजातला अंकुश. दोघं मिळून शेतातल्या मोटरीसाठी एक डबा बनवतात. डबा स्टार्टरच्या बाजूला लावायचा. त्यात एक छोटं कार्ड, कार्डात वैशालीनं लिहिलेला प्रोग्राम, आणि त्या प्रोग्रामच्या पोटातच एक सर्व्हर. शेतकऱ्यानं आपला मोबाइल डब्याच्या वायफायला जोडायचा, एक पान उघडायचं आणि गोठ्यात बसल्या बसल्या मोटर चालू-बंद करायची. इंटरनेट लागत नाही. मी चौथी शिकलेला माणूस, मला एवढं समजलं म्हणजे कोणालाही समजेल.

पण धंदा काही बसत नव्हता. पुण्याच्या एका कंपनीनं वैशालीला नोकरीवर बोलावलं होतं. आंजी मोठीच्या शेतकरी गटानं डबे घेतले तर ती इथंच राहणार, नाही घेतले तर पुण्याला जाणार, असं ठरलं होतं. माझा मुलगा इथल्या शाळेत मास्तर, तो इथंच राहिला असता. घरात या गोष्टीवर कुणी बोलत नव्हतं. मी तर मुळातच कमी बोलतो.

* * *

वैशाली म्हणाली, "मामाजी, उद्या दुकानात सर्व्हर आणते."

मला सर्व्हर माहीत होता तो रेशन दुकानातला आणि बँकेतला. तो एकटा साऱ्या जिल्ह्याला थांबवून ठेवतो, म्हणजे केवढा असेल! मी जुनं वाइंडिंग मशीन भिंतीला सरकवलं, दोन कपाटं बाहेर काढली, कोपरा धुऊन घेतला. माझी बायको हळदी-कुंकवाचं ताट आणि नारळ घेऊन आली.

वैशाली आली. हातात काहीच नाही. मला वाटलं, मागून टेम्पो येत असेल. तिनं मूठ उघडली. तळहातावर काडेपेटीएवढं कार्ड.

बायकोनं कार्डाकडं पाहिलं, मग नारळाकडं पाहिलं. "याच्यावर नारळ फोडला तर हाच फुटन," ती म्हणाली, आणि नारळाची चटणी केली.

* * *

त्याच दिवशी मी विचारलं की प्रोग्राम कोणत्या भाषेत लिहिला. ती म्हणाली, सी. मी विचारलं, ए आणि बी झाल्या का लिहून? अंकुश हसून हसून स्टुलावरून उतरला. वैशाली मात्र हसली नाही. म्हणाली, "मामाजी, बी नावाची भाषा खरंच होती. ए-चं मला पाहावं लागन."

तेव्हापासून अंकुश माझ्यासमोर जपून हसतो.

* * *

एकदा तिला विचारलं, हा सर्व्हर दिवसभर करतो तरी काय?

"काही नाई मामाजी. गप्प बसून ऐकतो. कोणी विचारलं तर तेवढं सांगतो, आणि पुन्हा गप्प."

आतून बायकोचा आवाज आला, "म्हंजे घरात आता दोन झाले."

* * *

पहिलं गिऱ्हाईक सेलूकडचं होतं. चहा झाला, डबा हातात घेऊन झाला. अंकुशनं मोठ्या कौतुकानं सांगितलं की याच्या आतच सर्व्हर आहे. पाहुणा उठून उभा राहिला, टोपी घातली.

"तलाठ्याकडं सर्व्हर डाऊन, बँकेत सर्व्हर डाऊन. आता मोटरीतबी तोच आणून ठेवता? मंग माह्या पऱ्हाटीले पाणी कोण देईन?"

गेला. वैशालीनं त्या दिवसापासून दुकानात सर्व्हर हा शब्द बंद केला. फक्त 'पान' म्हणायचं. पान उघडा, पान पहा.

दोन-चार दिवसांत अंकुशला एका शेतकऱ्याचा फोन आला. अंकुश फोनवर ओरडून विचारत होता, "काका, पान लागलं का? लागलं का पान?"  पलीकडून शांतपणे उत्तर आलं, "पान सोडलं बापू. आता खर्राच खातो."

* * *

मग हलकेपणाचं झालं.

वैशालीचा सगळा जीव प्रोग्राम हलका करण्यात. नको असलेलं काढून टाकायची, पुन्हा तपासायची, पुन्हा काढायची. कार्ड लहान, जागा थोडी, म्हणून सर्व्हरही हलका पाहिजे, असं ती म्हणायची. बारीक होत होत तो सर्व्हर एवढा झाला की तिला त्याचा अभिमान वाटायला लागला. अंकुशनं तोच अभिमान गिऱ्हाइकाला सांगितला. "काका, आमचा माल लई हलका हाय."

गिऱ्हाईक देवळीचं होतं. त्यानं डबा हातावर तोलला आणि खाली ठेवला. "हलका काऊन घेऊ? भारी दाखव."

अंकुश समजावत राहिला की हलका म्हणजे चांगला. गिऱ्हाईक म्हणालं, हलका म्हणजे चांगला असता तर लग्नात हलकंच लुगडं घेतलं असतं. आणि खर्रा आणतो म्हणून बाहेर गेलं.

वैशालीचं तोंड उतरलं होतं. माझ्याच्यानं पाहवेना. मी जुन्या मोटरीच्या लोखंडी पट्ट्यांचा एक गठ्ठा टेपमध्ये गुंडाळला आणि डब्याच्या तळाशी बसवून झाकण लावलं. गिऱ्हाईक परत आलं, डबा उचलला, हात खाली गेला. चेहरा खुलला.

"आत्ता हाय वजनदार. हा द्या."

महिन्याभरानं तो डबा तपासायला आला. वैशालीनं झाकण उघडलं, पट्ट्या काढल्या, माझ्याकडं पाहिलं.

"मामाजी, हे काय हाय?"

मी म्हणालो, "वजन."

तिनं तो गठ्ठा थोडा वेळ हातात धरला. मग होता तिथंच ठेवून झाकण लावलं.

* * *

एकदा दुपारभर दोघांची वादावादी चालली होती. पान उघडायचं, थोड्या वेळानं अडकायचं. शेवटी वैशाली कपाळाला हात लावून म्हणाली, "सॉकेट उघडंच राहून गेलं. कोणी बंदच केलं नाई." आणि दोघं वैतागून घरी गेले.

माझा जन्म विजेच्या कामात गेला. उघडं सॉकेट तसंच सोडून मला घरी जाववेना. मी दुकानातलं एकेक सॉकेट शोधून त्यावर काळी टेप मारली. घट्ट, दोन पदरी. टेबलाखालचंही सोडलं नाही.

सकाळी अंकुश लॅपटॉपचा चार्जर हातात घेऊन भिंतीभिंतीनं फिरत होता. वैशालीनं ओढणी तोंडाला लावली होती, पण खांदे हलत होते. मग तिनं सांगितलं की ते सॉकेट प्रोग्रामच्या आतलं होतं.

अंकुश म्हणाला, "काका, एक तरी उघडं करून द्या. नाईतर आतलं बंद कसं करू?"

* * *

पानाचा पत्ता चुकीचा टाकला की मोबाइलवर इंग्रजीत 'नॉट फाऊंड' असं यायचं. वैशालीला वाटलं, कोण कशाला पत्ता चुकवतंय.

पवनारच्या एका दादांनी चुकवला. त्यांनी मुलीकडून वाचून घेतलं. मुलगी म्हणाली, बाबा, सापडत नाही म्हणते. आता डबा मोटरीचा, म्हणजे सापडत नाही ते काय? दादा गोठ्यात जेवत होते, ते ताटावरून उठले आणि तसेच उन्हात विहिरीकडं पळाले. आमच्याकडं मोटरी चोरीला जातात, त्यामुळं त्यांना हसण्यात अर्थ नाही.

थोड्या वेळानं वैशालीला फोन आला. माणूस धापा टाकत होता.

"ताई, मोटर हाय. मी तिच्यावरच बसलो हाय. आता पाह्यले सांगा त्याले."

* * *

आणि मग आंजी.

गटाचे अध्यक्ष नामदेवराव. कमी बोलणारे, पण पक्के. ते म्हणाले, एक डबा आमच्या सांगण्यावरून एका विहिरीवर लावा. तिथं टिकला तर गटातल्या सगळ्या विहिरींवर लावू.

ती विहीर दोन भावांची होती. थोरला देवराव, धाकटा महादेव. विहीर एक, मोटर एक, वावरं दोन बाजूंना, आणि मध्ये धुरा, म्हणजे बांध. त्याच धुऱ्यावरून भांडण होऊन दोघांनी बोलणं सोडलं होतं. पाण्याची पाळी सांगायची तर गड्याला मध्ये घालायचे.

डबा लागला. दोघांच्या मोबाइलवर पान उघडून दिलं. आम्ही लिंबाखाली बसलो होतो. देवरावनं आपल्या गोठ्यातून मोटर चालू केली. महादेवनं आपल्या गोठ्यातून बंद केली. चालू. बंद. चालू. बंद. दोघांनाही एवढं सोपं हत्यार आजवर मिळालं नव्हतं.

मी वैशालीला हळूच म्हणालो की असं चाललं तर मोटर आज जळणार, आणि ती माझ्याच दुकानात येणार. अंकुश म्हणाला, पासवर्ड लावू. पण द्यायचा कोणाला? एकाला दिला तर दुसरा डबाच फोडणार.

वैशालीनं धुऱ्यावर बसून लॅपटॉप उघडला. पानात एक नवीन ओळ केली. मोटर बंद करायची असेल तर आधी कारण लिहायचं, त्याशिवाय बटण दाबलं जाणार नाही. कारण दोघांच्याही मोबाइलवर दिसणार. नवीन लिहिलं की जुनं पुसलं जाणार.

देवरावनं पहिलं कारण लिहिलं: "मर्जी."

बऱ्याच वेळानं मोटर पुन्हा बंद पडली. महादेवचं कारण: "माहीबी."

पण लिहायला वेळ लागतो, आणि दोघंही एका बोटानं लिहिणारे. चालू-बंद कमी झालं. आम्ही निघालो तेव्हा पानावर शेवटचं कारण होतं, "पाट फुटला, लिंबाजवळ."

* * *

आठवड्यानं नामदेवरावांचा फोन आला. आवाज कोरडा होता.

"पोरी, तुझा डबा बिघडला. मोटर सारखी बंद होऊन राह्यली. येऊन काढून नेजो."

वैशालीनं लॅपटॉप घेतला. अंकुशनं हत्यारं पिशवीत भरली.  ऑटोत आंजीपर्यंत मी मनात पुण्याची गाडी पाहत होतो.

विहिरीजवळ नामदेवराव उभे होते. खरंच, आमच्यासमोर मोटर बंद पडली. थोड्या वेळानं आपोआप चालू झाली. पुन्हा बंद. वैशालीनं डबा उघडला, तारा पाहिल्या, कार्ड पाहिलं. मी मोटरीला हात लावून पाहिलं, गरम नव्हती. काही बिघाड सापडेना.

मग तिनं आपला मोबाइल काढला, पान उघडलं आणि तसाच नामदेवरावांच्या हातात दिला. त्यांनी चष्मा लावला. मी त्यांच्या खांद्यावरून वाचलं.

मोटर बंद. कारण: "जेवला का."

मोटर चालू झाली. पाणी धो धो यायला लागलं. मग पुन्हा बंद.

कारण: "नाई. तू?"

चालू. बंद.

कारण: "ये मंग. वांग्याची भाजी हाय."

अंकुशनं तोंड फिरवलं. वैशाली विहिरीच्या काठावर खाली बसली आणि हसता हसता डोळे पुसायला लागली. मोटर बंद केल्याशिवाय लिहिता येत नव्हतं, म्हणून दोघे भाऊ बोलण्यासाठी मोटर बंद करत होते. तिकडं महादेव धुरा ओलांडत होता. थोरल्याच्या गोठ्यासमोर जाऊन उभा राहिला, पण तोंडानं हाक मारली नाही. खिशातून मोबाइल काढला. मोटर बंद पडली.

कारण: "आलो."

नामदेवराव कितीतरी वेळ त्या पानाकडं पाहत होते. मग मोबाइल परत देत म्हणाले, मोटर बंद न करता लिहिता येईल असं करून दे, आणि गटातल्या सगळ्या विहिरींसाठी डबे तयार ठेव. वैशालीनं दोनदा विचारून खात्री करून घेतली आणि तिथूनच पुण्याला नाही म्हणून कळवलं.  मी अंकुशची पिशवी उचलून घेतली.

नामदेवरावांनी चहाला घरी नेलं. काकूंनी अगत्यानं सगळं विचारलं. मला विचारलं, साखर किती. वैशालीला विचारलं, अंकुशला विचारलं. नामदेवरावांपुढं काही न विचारताच कप ठेवला, तो टेबलावर जरा जोरात वाजला, आणि त्या आत गेल्या. नामदेवरावांनी एक घोट घेतला. तोंड वाकडं झालं, पण चहा पूर्ण प्यायले.

आम्हाला ऑटोपर्यंत सोडायला ते आले. आम्ही बसलो तेव्हा त्यांनी मागं घराकडं पाहिलं आणि वैशालीच्या जवळ वाकले.

"पोरी, एक डबा इथं माह्या घरीबी लावून देजो."

वैशाली म्हणाली, "देते ना काका. घरची मोटर किती एचपीची हाय?"

"मोटर नाई," नामदेवराव म्हणाले.