आठ वर्षांच्या गॅपनंतर लॅबमध्ये

मैत्रिणींनो, आज मी दोन वर्षं टाळलेलं काम केलं.

लेक झाल्यावर मी लॅब टेक्निशियनची नोकरी सोडली. आठ वर्षांनी आता आपल्याला कोण घेणार, असं मी धरूनच चालले होते. काल जाऊबाई म्हणाल्या, "पण तुला असं म्हणालं कोण?"

कुणीच म्हणालं नव्हतं!

म्हणून सात रस्ता चौकाजवळच्या एका लॅबमध्ये आज सकाळी थेट गेले. तिथल्या मॅडमनी माझं सर्टिफिकेट पाहिलं. म्हणाल्या, "गॅपचं काही नाही. पण मशिन्स बदलल्यात. महिनाभर शिकायला याल? मग ठरवू."

"येते की!"

नोकरी अजून पक्की नाही. पण खरी अडचण कळली, आणि ती शिकून सुटणारी आहे. सोमवारपासून जातेय.

तुम्ही काय न विचारताच सोडून दिलंय? उद्या जाऊन विचारा.