पात्यातला खिळा

तो खिळा मीच ठोकला होता. तेव्हाच तोंड उघडलं असतं, तर एका माणसाची शेवटची आठ वर्षं जळाली नसती.

साहेब पोलंडचे. तरुणपणी विमान चालवायचे, मग इथलीच बायको करून इथलेच झाले. नव्वदच्या दशकात मुरबाड-धसई रस्त्यावरच्या पत्र्याच्या शेडमध्ये ते छोट्या विमानांचे लाकडी पंखे आखायचे आणि मी, गावचा सुतार, ते घडवायचो. पातळ फळ्या एकमेकींना चिकटवून रंध्याने पाती काढायची, मग पंखा तोलून बघायचा. एखादं पातं जड निघालं, की साहेब कानसीचे दोन हात मारून पुन्हा तोलायचे. गावकरी चिडवायचे, "इमान कुठं हाय रे तुमचं? नुसतं पंखंच!" साहेब म्हणायचे, "इमान तुमी आणा, पंखा आमी देतो."

एका खंडेनवमीला मी हत्यारं पुजली. बायको म्हणाली, "पंख्याला हार नाय का? त्यो काय परका हाय?" गुळगुळीत पात्यावरून झेंडूचा हार घसरू लागला, म्हणून मी टोकाजवळ बारीक खिळा मारला. दसऱ्याला उपसला, भोक भुसा-सरसाने बुजवलं, वर पॉलिश फिरवलं. आठवड्याने पंखा इंजिनावर चढवून फिरवला, तर पातं तिथेच फाटलं. तुकडा पत्रा फोडून भाताच्या शेतात गेला. कोणाला लागलं नाही.

शोधायला मीच धावलो. फाटलेल्या काठावर अर्धं भोक स्पष्ट दिसत होतं. तुकडा सदऱ्यात लपवला आणि सांगितलं, "नाय सापडला."

साहेब मला "माझे हात" म्हणायचे. ते कसं गमवायचं?

त्यांनी दोष स्वतःवर घेतला. "जाडी मीच चुकलो. वर माणूस असता तर?" त्यांनी शेड बंद केली. मी भेटायला जायचो, तेव्हा ते त्याच पंख्याच्या नकाशावर पुन्हा पुन्हा तीच आकडेमोड करत असायचे. "चूक सापडत नाही, मिस्त्री." मी चहा पिऊन परत यायचो.

शेवटी शहापूरला मुलीच्या घरी ते अंथरुणाला खिळले. दृष्टी गेली होती. मी तो तुकडा त्यांच्या हातात दिला. अंगठा काठावरून फिरत भोकापाशी थांबला.

"साहेब, तुमची जाडी बरोबर होती. हाराचा खिळा मी मारला, आणि तुकडाही मीच लपवला. मला माफ करा."