न झिजलेलं नाणं

वाडीत ट्रान्सपोर्टच्या गोदामाचा पाया खणताना पंचफुलाची कुदळ एका गाडग्यावर बसली. साल एकोणीसशे बहात्तर. मातीत सोन्याची नाणी सांडली. मुकादम धावत येईपर्यंत तिनं त्यातलं एक कमरेला खोचलं होतं. सगळ्यांत कोरं तेच. त्यावरच्या दाढीवाल्याचं नाकसुद्धा झिजलं नव्हतं. तिच्या लेकीच्या, प्रेमिलाच्या गळ्यात ते शोभलं असतं.

बाकीची नाणी सरकारजमा झाली. आठवड्यानं संग्रहालयातले केशवराव खड्डा पाहायला आले आणि मजुरांशी बोलत बसले. "ही रोमची नाणी. व्यापारात समुद्रापलीकडून इथवर आली. यातलं सगळ्यांत नवं नाणं ज्या राजाचं, त्याच्या आधी हे गाडगं पुरलेलं असू शकत नाही. त्यावरूनच आम्ही काळ ठरवतो."

"पुरणारा ते परत न्याले काहून नाही आला?" पंचफुलानं विचारलं.

"ते नाही कळत, बाई. येता आलं असतं तर आला असता."

त्या दिवसापासून तिचं चित्त थाऱ्यावर राहिना. नाणं पिठाच्या डब्यातून उशीत गेलं, उशीतून चुलीमागं. सोनाराकडं ती दोनदा निघाली आणि दोनदा वाटेतून परतली. भाकर करपायची. प्रेमिला विचारायची, "माय, काय झालं वं?" पंचफुला चुलीतलं लाकूड पुढं सारायची.

महिनाभरानं ती बस धरून शहरात गेली आणि केशवरावांच्या टेबलावर नाणं ठेवलं. "हे माह्यापाशी राह्यलं होतं, साहेब. राह्यलं नाही, मी ठेवलं होतं."

केशवरावांनी भिंग लावलं. मग लिहून तयार असलेला अहवाल पुढं ओढून त्यांनी पहिल्याच पानावर काट मारली. "बाकीच्या नाण्यांहून हे दीडशे वर्षांनी नवं आहे. म्हणजे तेवढा काळ रोमचं सोनं इथं या हातातून त्या हातात फिरत होतं. मी चुकीचंच छापणार होतो."

"आता पोलीस येतीन?"

"तुम्ही आपणहून आणून दिलं, तसंच वर कळवतो. पुढचं माझ्या हातात नाही."

पंधरा दिवस दारासमोर सायकल थांबली की ती दचकायची. कोणी आलं नाही. गोदामाचा पाया भरून झाला, शेजारच्या प्लॉटवर खणणं सुरू झालं. मुकादमानं कुदळ पुढं केली. पंचफुलानं ती घेतली नाही.

"मी पाणी भरतो," ती म्हणाली. "खणाले दुसरी पाहा."